भिंतीतलं भोक

नॉर्वेला जायची टूम नचिकेतनं काढली तेव्हा मी त्याला सरळ वेड्यात काढलं. आमच्या कुवेतमधल्या मंगफ वस्तीतली शहाणी माणसं उन्हाळ्याची सुट्टी लागली की नाशिक-पुण्याला जातात आणि येताना लोणच्याच्या बरण्या आणतात. डोंगरातून पायी चालायचं, वाटेत लागतील त्या लाकडी खोपट्यांत मुक्काम करायचा आणि वर आपलं सामान आपणच पाठीवर वाहायचं, यासाठी कुणी वर्षाची रजा घालवतं का? पण त्यानं कारण असं सांगितलं की मीच पासपोर्ट शोधायला लागले. "तिथे धूळ नाही, सायरन नाही. ज्ञानदा झोपेल गं."

ज्ञानदा आमची एकुलती एक, तेव्हा अकरा वर्षांची. त्याच वर्षी, २००३च्या मार्चमध्ये, शेजारी इराकमध्ये युद्ध पेटलं आणि कुवेतमध्ये सायरन वाजू लागले. येणाऱ्या क्षेपणास्त्रात विषारी वायू असेल, असं जो तो म्हणत होता. दुकानांतले मास्क आम्ही पोचायच्या आधीच संपलेले. मग बाकीच्यांनी केलं तेच नचिकेतनं केलं. झोपायच्या खोलीच्या खिडकीवर जाड प्लास्टिक ताणलं, कडेनं तपकिरी टेप मारली, एसीभोवतीच्या फटी बुजवल्या. सायरन झाला की तिघांनी आत पळायचं, दाराच्या चारी कडांना टेप लावायची, खाली ओला टॉवेल खुपसायचा आणि धोका टळल्याचा लांब भोंगा होईपर्यंत बसून राहायचं. मी मनातल्या मनात रामरक्षा म्हणत असे आणि दर वेळी तिसऱ्या श्लोकाला चुकत असे.

वायू काही आला नाही. युद्ध पुढे सरकलं, शाळा सुरू झाल्या, प्लास्टिक घडी होऊन कपाटावर गेलं. ज्ञानदाच्या डोक्यात मात्र एक गोष्ट पक्की बसली: विष बाहेर असतं आणि आपण आत असलो की वाचतो. दाराशी ओला टॉवेल नसेल तर ती झोपायची नाही. लिफ्टची घंटा वाजली तरी दचकायची. पोरीच्या डोळ्यांखाली काळं आलं.

म्हणून जुलैमध्ये आम्ही निघालो. मी भित्री बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. पायवाटेच्या एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला दरी असली की माझी पाचावर धारण बसायची. नचिकेत पुढे कॅलेंडरवरच्या चित्रासारखा हात पसरून "बघ काय हवा आहे!" म्हणायचा आणि मी मागून जीव मुठीत धरून बुटांकडे बघत चालायची. आमच्या कुवेतमध्ये जमीन कशी सपाट, शहाण्यासारखी पडून असते. माणूस पडला तर तिथल्या तिथेच पडतो.

पण पोर झोपली! पहिल्याच खोपट्यात, फळ्यांच्या दुमजली बाकावर, बारा अनोळखी माणसांच्या घोरण्यात ती झोपली. टॉवेल मागितला नाही. दुसऱ्या मुक्कामीही नाही. सकाळी एका जर्मन आजीबाईंबरोबर हसत पॅनकेक खाताना तिला पाहिलं आणि मी नचिकेतला म्हटलं, "तू जिंकलास बाबा." तो लेकाचा दिवसभर शीळ घालत चालला.

शेवटचा मुक्काम फियॉर्डच्या काठी होता. फियॉर्ड म्हणजे डोंगरांच्या फटीतून थेट आत घुसलेला समुद्र, काळाभोर आणि गप्प. त्याच्या काठावर एकच लाकडी केबिन होतं. राखणदार नाही, शेजार नाही. किल्ली गावातल्या दुकानातून घ्यायची आणि निघताना झाडून-पुसून परत द्यायची. दुसऱ्या दिवशी बोट येईपर्यंत आम्ही तिघंच. आत चार बाक, एक टेबल, लाकडं जाळायची लोखंडी शेगडी, तिचं धुराडं छतातून वर गेलेलं. आणि भिंतीत, खिडकीच्या वर, मुठीएवढं गोल भोक.

"हे काय, बुजवायचं राहिलं वाटतं," मी म्हटलं. भिंतीला भोक म्हणजे आम्हा कुवेतकरांच्या लेखी गुन्हाच. आमचं निम्मं आयुष्य धुळीसाठी फटी बुजवण्यात जातं.

संध्याकाळी वारं सुटलं. तिकडे उन्हाळ्यात अंधार पडतच नाही, त्यामुळे सगळं दिसत होतं: पाणी उसळत होतं, पाऊस आडवा येत होता, समोरचा डोंगर पार दिसेनासा झाला होता. मी खिचडी वाढत होते आणि त्या भोकातून आवाज सुरू झाला. आधी बारीक. मग चढत गेला, उतरला, पुन्हा चढला.

ज्ञानदाच्या हातातला चमचा खाली पडला. तो हुबेहूब सायरनचाच आवाज होता.

"वारा आहे गं, बाळा," नचिकेत म्हणाला. "त्या भोकातून येतोय."

पण ती ऐकण्याच्या पलीकडे गेली होती. बाकाच्या कोपऱ्यात अंग चोरून बसली, ओठ पांढरे, दात वाजत होते. "बाबा, डू द रूम," ती म्हणाली. "प्लीज. डू द रूम."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. इतक्या दिवसांची कमाई डोळ्यांसमोर वाहून चालली होती. नचिकेतनं सॅकमधून टेपचा रोल काढला. बुटाचा तळ सुटला तर कामाला येते, असं तो सांगायचा, पण मार्चपासून तो रोल त्याच्याशिवाय कुठे जात नव्हता. त्यानं प्लास्टिकची पिशवी दुमडून भोकावर ठेवली आणि आडवी-उभी टेप मारली. आवाज एकदम बंद झाला. मग तिच्यासमोर खिडकीच्या कडा, मग दार, आणि शेवटी मी टॉवेल ओला करून उंबऱ्याशी दाबून बसवला. माझा हात इतका सरावला होता की टॉवेलची घडीसुद्धा घरच्यासारखीच पडली.

"ऑल सील्ड," नचिकेत म्हणाला. ज्ञानदानं मोठा श्वास सोडला आणि ती आडवी झाली. तिला ऊब मिळावी म्हणून त्यानं शेगडीत आणखी दोन लाकडं सरकवली. हा माणूस पेट्रोकेमिकलमध्ये गॅस ओळखणारी यंत्रं बसवतो. त्या वेळी तो इंजिनियर नव्हता, बाप होता.

मी भांडी विसळत बसले. डोकं दुखायला लागलं होतं; दिवसभर चालल्याचं असेल म्हटलं. नचिकेत बाकावर पडून काहीतरी सांगत होता, त्याचे शब्द जड येत होते, दमलाय म्हटलं. ज्ञानदाचे गाल छान गुलाबी झाले होते. हवा मानवली पोरीला, असंही माझ्या मनात येऊन गेलं. हे आठवलं की आजही माझ्या अंगावर काटा येतो.

तिचा हात बाकाखाली लोंबत होता. तो पांघरुणात घ्यायला गेले तर ओल्या कापडासारखा हातातून निसटला. "ज्ञानदा," मी म्हटलं. मग मोठ्यानं. मग तिला गदागदा हलवलं. डोकं इकडून तिकडे कललं, डोळे काही उघडले नाहीत.

मी उठले तशी खोली फिरली. मळमळ उसळून वर आली. "नचिकेत, ही उठत नाहीये! ऊठ, ऊठ रे!"

तो कोपरावर उठायला गेला आणि परत पडला. "गॅस आहे," तो पुटपुटला. "दार उघडू नकोस, शर्वरी. ऑल क्लिअरचा भोंगा झालेला नाही."

आणि मी थांबले. दाराशी, टॉवेलवर पाय ठेवून. त्याच्या बोलण्यात मला काहीच वेडेपणा वाटला नाही. मार्चपासून आम्ही तिघांनी हेच तर घोटलं होतं. बाहेर वारा दारावर धडका देत होता आणि माझ्या शरीराचा कण न् कण सांगत होता की ते आत येतंय, आणखी टेप लाव. मी खरोखरच टेपचा रोल शोधायला वळले. इतकी भीती मला सायरनच्या दिवसांतही वाटली नव्हती.

वळले म्हणून शेगडी दिसली. जाळ बसला होता. लाकडं नुसती धुमसत होती आणि वाऱ्याचा झोत आला की धुराड्यातून धूर खाली, खोलीत ढकलला जात होता. नाशिकच्या थंडीत आमची आई निजायच्या आधी कोळशाची शेगडी अंगणात नेऊन ठेवायची. आम्ही भावंडं कुडकुडत ओरडायचो, तरी न्यायची. "शेगडी आत ठेवून झोपलेलं माणूस सकाळी उठत नाही," एवढंच म्हणायची.

मी दार ओढलं. टेप सुटेना. नखांनी, दातांनी फाडली, टॉवेल लाथेनं उडवला. दार उघडलं तसा वारा अंगावर कोसळला. ज्ञानदाला काखेत धरून फरफटत पायरीखाली नेलं, भर पावसात, ओल्या गवतात. परत आत गेले, नचिकेतच्या दोन थोबाडीत दिल्या, कॉलर धरून ओढलं. तो रांगत बाहेर आला आणि पायरीवर ओकला.

मी पोरीच्या तोंडाशी कान नेला. वाऱ्यात काही कळेना. "श्वास घे गं, बयो, घे, घे," मी ओरडत होते. बऱ्याच वेळानं तिला खोकला आला, मग उलटी झाली, मग डोळे उघडले. जीव भांड्यात पडला म्हणायचा, पण पडला नाही. कारण वर आकाश दिसताच तिनं दोन्ही हातांनी नाक-तोंड गच्च दाबून धरलं.

"ज्ञानदा, सोड! श्वास घे!"

ती मान हलवत होती. श्वास कोंडून, डोळे फाडून, गवतात टाचा रोवून ती केबिनकडे सरकत होती. "इनसाइड!" ती बोटांमधून किंचाळली. "आई, इनसाइड!"

अकरा वर्षांच्या पोरीत एवढं बळ कुठून आलं कोण जाणे. मी तिच्या छातीवर बसले आणि तिची बोटं एकेक करून तोंडावरून उचकटली. तिला श्वास घ्यायला लावण्यासाठी मला तिच्याशी मारामारी करावी लागली. तिच्या नजरेत मी तिला मारायलाच निघाले होते.

दुसऱ्या दिवशी बोट आली. गावातल्या डॉक्टरबाईंनी तिघांनाही तपासलं, ऑक्सिजन दिला, वाचलात म्हणाल्या; ते भोक शेगडीला हवा मिळावी म्हणूनच ठेवलेलं असतं, असंही सांगितलं. नचिकेत त्यांच्यासमोर बसून ढसाढसा रडला.

मंगफला परतल्यावर तिनं ओला टॉवेल मागितला नाही. मी मनात म्हटलं, चला, एक तरी गोष्ट बरी झाली. मग ऑक्टोबरात एका सकाळी, नाश्त्याच्या वेळी, बाहेर सायरन वाजला. चाचणी होती, पेपरात आधी छापूनही आलं होतं. तरी नचिकेत खुर्चीवरून उठला आणि त्याचा हात आपोआप टेपच्या ड्रॉवरकडे गेला. तिथेच थांबला.

ज्ञानदा गॅलरीच्या दाराशी पोचली होती. तिनं कडीवर हात ठेवला. उघडायला की लावायला, तिचं तिलाच कळत नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "ओपन ऑर क्लोज?"

सायरन चढत होता, उतरत होता. ती दोघं माझ्याकडे बघत होती. सायरन थांबेपर्यंत मला उत्तर देता आलं नाही, आणि तोवर तिनं श्वास रोखून धरला होता.