केळ्याचं खराब रक्त

"दखा, दखा! रगत निंघनं!"

गुरुकुलाच्या प्रार्थनामंडपात तीनशे माणसं, तेवढेच मोबाइल वर धरलेले. समोर जालमगिरी महाराज. आजाऱ्याच्या तळहातांना हळद चोळायची, मग तांब्यातलं स्वच्छ 'तीर्थ' ओतायचं. परातीत पडतं ते लालभडक.

"ये तेरा खराब खून है, बेटी! निकल गया! अब अंग्रेजी गोली मतलब भगवान पे शक."

बेटी म्हणजे आशा. आठवीतली, धडगावकडची, सिकलसेल या रक्ताच्या आजाराची रुग्ण. मागे तिची आई फुलवंताबाई, हातात गोळ्यांची पिशवी. मंडपातून थेट प्रकाशा गावी जाऊन ती पिशवी तापी नदीत सोडायची, असा महाराजांचा आदेश होता. गोळ्या चुकल्या की आशाची हाडं कशी दुखतात, ते मी वसतिगृहात पाहिलेलं.

मी इथे विज्ञान शिकवते. म्हणून इथून पुढे प्रयोगवही.

उद्देश : खराब रक्त कुणाकुणात असतं ते शोधणे.

साहित्य : महाराजांचीच हळद, महाराजांचाच तांब्या. (माझं काही नको, नंतर कुरकुर होते.) शिवाय संस्थेचे अध्यक्ष धर्मचंद शेठ.

कृती : "शेठजी, तुम्ही बी हात धुई ल्या."

"माले काय रोग शे, दीपमाला मॅडम?"

"म्हणूनच."

अध्यक्षांना महाराज नाही कसं म्हणणार? हळद. तीर्थ. लाल.

शेठ स्वतःच्याच हातांकडे बघत राहिले. "महाराज, परवदिनच तपासणी करी. समदं नॉर्मल व्हतं!"

"सेठ, आपका रोग छुपा हुआ था!" महाराज अडखळले नाहीत. मुरलेला माणूस.

कृती, पुढे चालू : प्रसादाच्या ताटातलं एक केळं उचललं. सालीला हळद चोळली. महाराज हात पुढे करेपर्यंत तांब्या माझ्याकडे.

लाल.

"महाराज, ह्या केळ्याला सिकलसेल कधीपासून?"

पहिला फुटला तो केळी पिकवणारा नवलसिंग. "मॅडम, मन्हा मळाना माल शे! रोगी नका सांगा, व्यापारी गाडी परत धाडी!"

मंडप हसू लागला. मी त्या लालीवर प्रसादाच्याच ताटातलं लिंबू कापून पिळलं. पुन्हा पिवळं. "घ्या, रोग परत आत गेला!"

निरीक्षण : महाराजांना एकाएकी दुसऱ्या गावचं बोलावणं आठवलं.

अनुमान : तांब्यात चुन्याची निवळी होती. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हळदीचं कुंकू असंच करतात; लिंबाचं आम्ल पडलं की पुन्हा पिवळी. त्यात रक्ताचा थेंबही नाही. सिकलसेल आईबापांकडून जन्मासोबत येतो, तो हाताला चिकटलेला नसतो.

इथे वही बंद करायची असते. पण फुलवंताबाई उठून उभी राहिली.

"मंग मॅडम, पोरीचं दुखणं जायचं नाय?"

महाराजांनी एका मिनिटात दिलेलं मी दुसऱ्या मिनिटात काढून घेतलं होतं, आणि तिला खोटं सांगायची सोय मला नव्हती.

"जाणार नाही, फुलवंताबाई. गोळ्यांनी आवरतं. कुणीही एका मिनिटात बरं करतो म्हणाला, तर आधी निरोगी माणसावर करून दाखव म्हणावं. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक गोळीसुद्धा थांबवू नका."

ती पिशवी घेऊन आशाजवळ बसली. मग दातांनी गाठ सोडली, आजची गोळी काढली आणि शेठना म्हणाली, "पाणी आना. साधं."