उत्तरेचा उजेड

"जागा बघायला आलोय," बाबांनी फाटकावरच्या पहारेकऱ्याला सांगितलं आणि त्याच्या होकाराची वाट न बघता आत पाऊल टाकलं. भाड्याची घरं दाखवत आयुष्य काढलेल्या माणसाला ऐनवेळी दुसरं काय सुचणार? पण ते खपून गेलं. वास्तुकलेच्या त्या नामांकित कॉलेजने निवड झालेल्या मुलांना आज इमारत बघायला बोलावलंच होतं. मुलगी त्यांच्यामागून शिरली. तिची निवड झालेली नव्हती. ती प्रतीक्षायादीत होती, तीही पहिली. कुणीतरी एकाने नको म्हणायचा अवकाश.

तेव्हापासून घरात आशावादाने उच्छाद मांडला होता. आईने 'जर' हा शब्द घरातून हद्दपार केला होता. मामा उठल्यासुटल्या फोन करून 'आपलंच समज' म्हणत. त्यांच्या मुलाचं केव्हाच मार्गी लागलेलं, मग त्यांचं काय जातंय? मुलीला मात्र आशेपेक्षा कुतूहल जास्त होतं. आपल्याला दारात ताटकळत ठेवणारी ही इमारत आतून असते तरी कशी?

रेखाटनाच्या दालनात एक मुलगी आईवडिलांसोबत तोंड पाडून उभी होती. घराजवळचं कॉलेज काय वाईट आहे, असं तिची आई पुन्हापुन्हा म्हणत होती. संध्याकाळपर्यंत कळवायचंय, असं वडील. बाबांचे कान अशा कुजबुजीवरच पोसलेले. त्यांनी लेकीच्या कोपराला हळूच हात लावला. चल. मोडायला आलेला सौदा आपसूक मोडतो, आपण फक्त तिथे थांबायचं नसतं.

"आणि अंधार तरी किती इथे," ती आई म्हणाली.

मुलगी लहानपणापासून बाबांबरोबर घरं दाखवायला जायची. कुणी घराला अंधारं म्हटलं की तिचा हात आपोआप खिडकीच्या कडीकडे जायचा.

"अंधार नाहीये काकू, झडपा लावल्यात," ती म्हणाली आणि तिने एकेक झडप उघडायला घेतली. या खिडक्या मुद्दाम उत्तरेला ठेवतात, म्हणजे उजेड दिवसभर सारखा राहतो आणि हाताची सावली रेघेवर पडत नाही, हे ती सांगत गेली. तिने ते वाचलं होतं फक्त. खरं आहे का, हे तीही आत्ताच बघत होती.

त्या दुसऱ्या मुलीने टेबलावर हात धरला. उलटा केला. वाकून पाहिलं.

"आई, मी इथेच येणार."

बाबांनी डोळे मिटून घेतले.

"तू कुठल्या वर्षाला गं?" काकूंनी कौतुकाने विचारलं.

"मी नुसतीच बघायला आलेय."

रस्त्याला लागल्यावर बाबांनी विषय काढला.

"त्यांचं ठरत नव्हतं. कळलं होतं ना तुला?"

"हो."

"मग हे शहाणपण कुणी सांगितलं होतं?"

ती थोडी पुढे चालत गेली. "त्या झडपा बंदच ठेवून मला नसतं निघता आलं, बाबा." मग म्हणाली, "सावली खरंच पडत नाही."

एकदा दाखवून झालेल्या जागेकडे वळून बघायची बाबांची पद्धत नव्हती. ते थांबले, वळले आणि डोळ्यांवर हात धरून इमारतीकडे बघू लागले.

"कुठली खिडकी म्हणालीस?"