परत घेतलेली माफी

मी लिफ्टवाल्याला माफ केलं ते माईकवर. चर्चमध्ये रविवारची उपासना संपता संपता पाळकांनी आधी त्याला पुढे बोलावलं, मग मला. तुरुंगातून सुटून त्याला आठवडासुद्धा झाला नव्हता. पाळक म्हणाले, "ताई, प्रभूने आपल्याला फुकट दिलं, आपणही द्यावं." आणि माईक माझ्या तोंडाशी धरला. अख्खी मंडळी टक लावून बसलेली. मी म्हटलं, "माफ केलं." टाळ्या पडल्या. दात काढल्यावर गाल बधिर असतो ना, तशी मी घरी आले.

नणंदेला माझं कोण कौतुक. "आमच्या वहिनीचं मन म्हणजे समुद्र," असं ती दिसेल त्याला सांगत सुटली. समुद्र कसला डोंबलाचा. भाऊ तिचाच गेला, पण तिला निदान रडू यायचं. मी सकाळी खाली दुकान उघडायची, लोकांच्या पँटी आखूड करायची, चेन बदलायची आणि संध्याकाळी जिन्याने वर यायची. लिफ्टकडे बघायचंही नाही.

त्या दुपारी मी ताट वाढून ठेवलं होतं. नवरा वरच्या मजल्यावरच्या आजोबांना औषध द्यायला गेला होता, लगेच जेवायला येतो म्हणाला. लिफ्टवाल्याने दुरुस्तीसाठी दाराचं कुलूप वायर जोडून निकामी केलं होतं. काम झालं की वायर काढायची, कुलूप पुन्हा चालू करायचं, एवढंच. ते त्याने केलं नाही. नवऱ्याने दार ओढलं, ते उघडलं, आत लिफ्ट नव्हती. ताट संध्याकाळपर्यंत तसंच झाकलेलं होतं.

माईकवरच्या त्या माफीनंतर लिफ्टवाला दर शनिवारी दारात उभा राहायला लागला. काही काम आहे का, ताई? मी नळ दाखवायची. पुढच्या खेपेला खिडकीची कडी. तो दुरुस्त करायचा, पाणीसुद्धा न पिता जायचा. मला त्याचा राग येत नव्हता, दया येत नव्हती. आला काय, गेला काय.

एका शनिवारी दुरुस्त करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. तसं मी सांगितलं, तरी तो हलेना.

"ताई, एक विचारू? त्या दिवशी तुम्ही पाळकांकडे बघून बोललात. माझ्याकडे नाही."

"मग?"

"रोज प्रार्थनेत मी देवाला सांगतो, ताईंनी मला माफ केलं. आणि जीभ अडखळते. ते खरं नसेल तर परत घ्या. खोटं घेऊन मी त्याच्यापुढे उभा राहू शकत नाही."

मी शिवणयंत्रावरचा हात काढला. एवढ्या दिवसांत मला काय वाटतं हे कुणी विचारलंच नव्हतं. विचारलं तेही ह्याने.

"परत घेतली," मी म्हटलं. "नाही केलं तुला माफ."

त्याने मान हलवली. डोळे पुसले. "बरं झालं," म्हणाला.

"वायर का नाही काढलीस?"

कोर्टात त्याच्या वकिलाने कारणांचा पाढा वाचला होता. ताप होता, माणसं कमी होती, साहेबांची घाई होती. तो म्हणाला, "कारण काही नव्हतं, ताई. भूक लागली होती. म्हटलं, जेवून येतो आणि काढतो."

माझे कान तापले. बऱ्याच काळाने अंगात काहीतरी हललं, आणि तो संताप होता. नीघ, म्हटलं त्याला. तो दाराशी पोचल्यावर म्हटलं, "पुढच्या शनिवारी ये. येऊन विचार. मी नाहीच म्हणणार आहे."

"येतो," तो म्हणाला.

नणंदेला कळलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला. "अगं वहिनी, दिलेली माफी कुणी परत घेतं का? मंडळी काय म्हणेल?" मी म्हटलं, मंडळीला सांग, समुद्र आटला.

तो येत राहिला. दारातच उभा राहून विचारायचा, "ताई, माफ कराल?" मी त्याच्या डोळ्यांत बघून नाही म्हणायची. तो मान हलवून जायचा. कधी मी दिवसभर चिडलेली असायची, कधी रात्री उशी ओली व्हायची. देवाशीही मी भांडले. मला काही होत होतं, एवढं खरं.

परवा तो उशिरा आला. मी नुकतंच ताट वाढून घेतलं होतं. उन्हातून चालत आला होता, ओठ सुकलेले. त्याने नेहमीसारखं विचारलं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं.

"जेवलास का?" मी विचारलं.

कुठून आलं कोण जाणे. तो दाराची चौकट धरून उभाच राहिला.

"नाही," तो म्हणाला.

"मग बस."

माझं ताट मी त्याच्यापुढे सरकवलं. तो कितीतरी वेळ त्याच्याकडे नुसता बघत बसला. "जेव," मी म्हटलं, "गार होतंय." आणि स्वतःसाठी दुसरं ताट घ्यायला उठले.