माझी गोळी मी देणार नाही

आमच्या बेडसे गावात भातलावणी इर्जिकीवर चालते. आज तुमच्या खाचरात आम्ही, उद्या आमच्या खाचरात तुम्ही. मजुरी नाही, नुसतं जेवण. आणि इर्जिकीत नाही म्हणायची पद्धत नाही. तंबाखू, भाकरी, डोकेदुखीची गोळी, जे असेल ते सगळ्यांचं. मलाही हे फार आवडायचं.

आज लावणी गेणूआबांकडे होती. दुपारी जेवता जेवता आबा बांधावरच वाकडे झाले आणि ओटीपोट धरून कण्हायला लागले. त्यांची बायको कस्तुराबाई तडक माझ्याकडे आली.

"रूपा, तुझी ती पोटातल्या कळंची गोळी दे गं. तुला कसं झटक्यात बरं वाटलं व्हतं!"

गोळी माझ्या कमरेच्या पिशवीतच होती. मूतखड्याची कळ येते म्हणून डॉक्टरीणबाईंनी मला दिलेली. देण्याआधी त्यांनी प्रश्न विचारून भंडावून सोडलं होतं. काचबिंदू आहे का, लघवी अडते का? मी वैतागले, तेव्हा म्हणाल्या, "या गोळीनं पोटातले आवळलेले स्नायू सैल पडतात. पण ज्याची लघवी अडते, त्याची ती पार कोंडू शकते. दुसऱ्या कुणाला द्यायची नाही."

मी आबांजवळ बसले. "आबा, लघवी कवा केली?"

बायका पदराआड हसल्या. सुनेच्या वयाच्या बाईनं म्हाताऱ्याला असलं विचारायचं! आबा भडकले.

"तुला गं काय करायचंय?"

"सांगा म्हनते ना!"

"रातीपास्नं न्हाई. लागती, पर व्हत न्हाई."

"मग गोळी न्हाई मिळनार. दवाखान्यात चला."

कस्तुराबाई उसळली. "एका गोळीत जीव अडकला व्हय तुजा? आत्ता माझी भाकरी खाल्लीस ना?"

"खाल्ली, मावशी. गोळी देनार न्हाई."

"मग उद्या तुझ्या खाचरात कोन येतंय ते बघतेच मी!"

उद्या लावणीची पाळी माझ्या खाचराची होती, आणि घरात लावणारी मी एकटी. भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण राग त्याहून जास्त आला. समोर माणूस तळमळतोय आणि यांना रीतीची पडली आहे! कुणीतरी पिशवीला हात घातला, तो मी झिडकारला. माझा दीर उमेश रिक्षा चालवतो, त्याला फोन लावला आणि चिखलाच्या पायांनीच आबांना आणि कस्तुराबाईला घेऊन कामशेतच्या दवाखान्यात गेले.

तिथे नळी घालून लघवी काढली. नळीला लावलेली पिशवी भरत गेली तसे आबा शांत झाले, डोळे मिटून पडले. डॉक्टरांनी कस्तुराबाईला विचारलं, "यांना घरी काही गोळी दिली होती का?"

"न्हाई," ती माझ्याकडे बोट करून म्हणाली, "हिनं दिली न्हाई."

अजून तक्रारच करत होती बाई!

"न्हाईच दिली," मी म्हटलं. "पुन्यांदा मागितली तरी देनार न्हाई. आन उद्या कुनी आलं न्हाई, तर माझं खाचर मी एकटी लावीन."