फॉइलची चूक

वासंतीबाईंच्या हातून आयुष्यात एकही चूक झालेली नव्हती. भाजी खारट झाली तर मीठ नव्या पुड्यातलं असायचं, इडली दडस झाली तर तांदूळ वाण्यानं फसवून दिलेला असायचा, आणि गाडी चुकली तर रेल्वेनं आगाऊपणा करून वेळेवर यायचं ठरवलेलं असायचं.

मिरजेहून त्या आणि अच्युतराव लेकीकडे मोहालीला आले होते. क्षितिजा नॉलेज सिटीतल्या एका संस्थेत यीस्टवर पीएचडी करत होती. पावात घालतात तेच यीस्ट.

"अतिनील किरणांनी डीएनएला इजा झाली ना आई, की शहाणी पेशी आधी थांबते, दुरुस्ती करते आणि मगच पुढे वाढते. मी तिला थांबवणारं जनुकच काढून टाकलंय. त्यामुळे माझ्या पेशी इजा घेऊन तशाच पुढे दामटतात आणि मरतात."

"कुणावर गेल्यात?" वासंतीबाईंनी विचारलं होतं. लेक त्यांच्याकडे नुसती बघत राहिली होती.

शनिवारी सकाळी प्रयोगशाळेतला इनक्युबेटर बंद पडला. सोमवारी समितीपुढे निकाल ठेवायचा होता. म्हणून किरणं दिलेल्या प्लेट्स फॉइलमध्ये गुंडाळून क्षितिजानं घरी आणल्या आणि खिडकीजवळच्या टेबलावर ठेवून ती संस्थेत परतली. एप्रिल होता, यीस्टला घरची ऊब पुरेशी होती.

सोमवारी सकाळी तिनं फॉइल उलगडलं. मरायला हव्या होत्या त्या पेशींचे मोहरीएवढे पांढरे ठिपके प्लेटभर उगवले होते.

"चार वर्षं पाण्यात गेली," ती हुंदके देत म्हणाली. "माझं म्हणणंच चुकीचं निघालं. आता मी तसंच सांगणार समितीला."

"अगं, उगवलं तर चांगलंच की!"

"उजेडात उगवलं असतं तर समजलं असतं. उजेड मिळाला की त्याच्याच जोरावर पेशी डीएनए सांधते, थांबायची गरजच पडत नाही. म्हणून तर फॉइल लावायचं. पण या दोन दिवस अंधारातच होत्या ना!"

डोळे पुसून, प्लेट्स घेऊन ती गेलीसुद्धा. तेव्हा कुठे वासंतीबाईंना आठवलं. शनिवारी दुपारी अच्युतराव एकटेच मिरजेला निघाले होते. त्यांच्या दशम्या बांधताना फॉइलचा रोल संपला. टेबलावर तर फॉइलच फॉइल! प्लेट्सना काय, प्रवासाला थोडंच जायचं होतं? संध्याकाळी नवा रोल आणून त्यांनी त्या पुन्हा गुंडाळल्या, आधीपेक्षा नीट. मधल्या वेळात प्लेट्स उन्हात होत्या.

फोन केला, लेकीनं उचलला नाही. बाईंनी पुसलेला ओटा पुन्हा पुसला. काही न बोलता राहता आलं असतं, कुणाला कळलंही नसतं. पण पोरीची चार वर्षं? त्यांनी पर्स उचलली आणि रिक्षा गाठली.

'लड़की का डब्बा है' असं फाटकावर ठोकून देऊन, रिकाम्या हातानं त्या थेट समितीच्या खोलीत शिरल्या. क्षितिजा फळ्यापाशी उभी होती, रडवेली. समोर तिच्या गाईड ग्रेवाल मॅडम आणि दोन गंभीर चष्मे.

"मॅडम, इसका कुछ नहीं चुका," वासंतीबाई धापा टाकत म्हणाल्या. "वो पन्नी मैंने निकाली, दशमी के लिए. खिड़की में धूप थी. गलती हो गई. मेरी."

दोन्ही चष्मे ग्रेवाल मॅडमकडे वळले. मग ग्रेवाल मॅडमना असं हसू फुटलं, की चष्मेही हसले.

"आंटी जी, आपने तो बचा लिया," त्या म्हणाल्या आणि क्षितिजाकडे वळल्या. "अँधेरे में फिर से करो. पंद्रह दिन बाद दिखाओ. और प्लेट्स अब घर नहीं जाएँगी, पक्का?"

परतीच्या रिक्षात क्षितिजा आईला चिकटून बसली होती.

"आई, तू चूक कबूल केलीस? सगळ्यांसमोर?"

"हिंदीत केली," वासंतीबाई बाहेर बघत म्हणाल्या. "मराठीत करायला सांगू नकोस."