मागच्या खोलीतली गादी

मी गादी. कापसाची, जड, दोन माणसं ऐसपैस मावतील अशी. बोलायची मला सवय नाही. माणसं माझ्यावर पडून बोलतात आणि मी ऐकते, यातच माझं आयुष्य गेलं. पण यंदाच्या जानेवारीत आमच्या घरी जे घडलं ते मलाच सांगावं लागेल. जिच्यामुळे ते घडलं ती अपेक्षा त्या वेळी माझ्यावर गाढ झोपली होती.

माझा कापूस सावनेरकडचा. कांताबाई आणि देवरावांनी नागपुरात इंदोऱ्याला घर बांधलं, तेव्हा कांताबाईंचे वडील आपल्या शेतातला कापूस बोचक्यात बांधून एसटीच्या टपावर टाकून घेऊन आले. लेकीच्या नव्या घरात दुसरं काय द्यावं, हे त्यांना सुचलं नाही म्हणे. अंगणात पिंजारी बसला. त्याच्या धनुकलीची तांत टणत्कार करत होती आणि मी ढगासारखी फुगत होते. मग त्यानं मला निळ्या पट्ट्यांच्या खोळीत भरलं, दाभणानं टाके घातले आणि पाठीवर थाप मारून म्हणाला, "घ्या बाई, झाली." ती थाप ही गादी म्हणून माझी पहिली आठवण.

माझ्यानंतर घरात गाद्या येतच राहिल्या. कांताबाईंना गाद्यांचा सोसच होता. त्याला कारण होतं. लहान असताना त्या वडिलांचा हात धरून दसऱ्याला दीक्षाभूमीवर आल्या होत्या. गर्दी मोठी, ओळखीचं कोणी नाही. बापलेक रस्त्याच्या कडेला कागद अंथरून बसले होते. तेवढ्यात एका घरातल्या बाईनं हाक मारली, ओसरीवर गादी टाकून दिली आणि लेकरावर आपली शाल घातली. त्या बाईचं नावही कांताबाईंना ठाऊक नाही. पण आपलं घर झालं की आपल्या दारी आलेला माणूस उघड्या फरशीवर झोपणार नाही, हे त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं.

आणि ते त्यांनी पाळलं. दसरा आला की वाशीम, यवतमाळ, गोंदियाहून माणसं यायची. कोणी नात्याचं, कोणी नात्याच्या नात्याचं. बैठकीपासून वऱ्हांड्यापर्यंत आम्ही पसरायचो. रात्रभर गाणी, गप्पा, घोरणं. पहाटे माणसं पांढरे कपडे घालून निघून जायची आणि आमच्यावर त्यांच्या अंगाची ऊब तेवढी मागे राहायची. मला ते दिवस फार आवडायचे.

पण दसरा वर्षातून एकदा. बाकीचे दिवस आम्ही मागच्या खोलीत एकीवर एक रचलेल्या असायचो. छतापर्यंत. मधे रजया, ब्लँकेटं, उशा आणि डांबरगोळ्यांचा वास. खिडकी आमच्यामागे झाकून गेलेली. तिथं उजेड कसा असतो हेच मी विसरले होते.

अपेक्षा या घरात सून म्हणून आली तेव्हा मी खोलीच्या दारापाशीच होते, म्हणून मला ती पहिल्या दिवसापासून माहीत आहे. शांत मुलगी. एका मोठ्या दवाखान्यात नर्स. तिचा नवरा धम्मानंद मौद्याच्या वीज केंद्रात कामाला. त्याच्याही शिफ्टा, हिच्याही शिफ्टा. हिच्या वाट्याला रात्रपाळी जास्त. सकाळी घरी यायची, आंघोळ करायची आणि मधल्या खोलीत पलंगावर पडायची.

आता मधली खोली म्हणजे आमच्या घरातला रस्ताच. बैठकीतून स्वयंपाकघरात जायचं तर तिथून. न्हाणीघरात जायचं तर तिथून. कपाटही तिथंच. देवरावांना ऐकायला जरा कमी येतं, म्हणून टीव्हीचा आवाज मोठा. कुकरच्या शिट्ट्या, भाजीवाला, गॅसवाला. शेजारणी यायच्या, डोक्यावर ओढणी घेतलेल्या अपेक्षाला पाहून विचारायच्या, "झोपली काय वं?" ती उठून बसायची आणि म्हणायची, "नाही काकू, बसा ना."

घरातलं कोणी दुष्ट नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. देवराव सुनेसाठी आठवणीनं संत्री सोलून ठेवायचे. कांताबाई तिच्या डब्यात पोळीवर तूप जास्त लावायच्या. फक्त रात्रभर जागलेल्या माणसाला दिवसा रात्रीसारखीच शांत झोप हवी असते, हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि अपेक्षानं कधी तोंड उघडलं नाही. दोन-तीनदा मात्र ती मागच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिलेली मी पाहिली. आमच्याकडे बघायची, वरपासून खालपर्यंत. मग दार ओढून निघून जायची.

नाताळच्या सुट्टीत पुण्याहून नणंद आली. नंदिनी, तिचा नवरा आणि मुलं. घर भरलं. आम्ही बाहेर आलो. मुलांनी माझ्यावर कुस्त्या खेळल्या, संत्र्याच्या बिया माझ्या शिवणीत खोचल्या, एकानं दूधही सांडलं. मौजच होती. त्या सगळ्या आठवड्यात अपेक्षाची रात्रपाळी होती. सकाळी येऊन ती पोहे करायची, दुपारी मुलांना घेऊन फुटाळा तलावावर जायची, संध्याकाळी पुन्हा कामावर. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. नंदिनीनं विचारलं तर म्हणाली, थंडीनं होते.

नववर्ष झालं, पाहुणे गेले. लग्नघर दुसऱ्या दिवशी दिसतं तसं घर दिसत होतं. त्या रविवारी सकाळी कांताबाईंनी पदर खोचला आणि जाहीर केलं की आज सगळं अंथरूण-पांघरूण गच्चीवर जाईल, ऊन खाईल आणि मग नीट रचलं जाईल. धम्मानंद ड्यूटीवर होता. देवरावांची कंबर धरलेली. इतक्यात अपेक्षा रात्रपाळी संपवून दारात आली. तिनं पसारा पाहिला, बॅग ठेवली, ओढणी कमरेला बांधली आणि पहिली गादी खांद्यावर घेतली. ती पहिली गादी मी होते.

जिना चढताना तिचा श्वास मला ऐकू येत होता. एकेक करून तिनं आम्हा सगळ्यांना वर आणलं. गच्चीभर आम्ही पसरलो. जानेवारीचं कोवळं ऊन, वर निळंभोर आभाळ. किती महिन्यांनी माझ्या पोटातली ओल सुटत होती. अपेक्षानं काठी घेतली आणि माझी धूळ झटकायला सुरुवात केली. एक फटका, दुसरा. मग ती माझ्या कडेला बसली. काठी हातातच होती. मग एक कोपर टेकलं. मग डोकं. पायातले ड्यूटीचे मोजेसुद्धा तिनं काढले नव्हते.

माझ्यावर शेकडो माणसं झोपली असतील. पण इतकं जड होऊन कोणी झोपलेलं मला आठवत नाही. जणू कोणी पाण्यानं भरलेला हंडा अलगद ठेवून दिला.

खालून कांताबाईंच्या हाका आल्या. दुसऱ्यांदा आल्या त्या जरा चढ्या आवाजात. मग जिन्यावर पावलं वाजली. गुडघे दुखत असताना त्या वर येत होत्या, म्हणजे तोंडात दोन शब्द तयारच असणार. दारात आल्या आणि थांबल्या.

 मग हळूच जवळ आल्या, वाकल्या आणि सुनेच्या तोंडाकडे पाहिलं. झोपेत माणसाचा चेहरा खोटं बोलत नाही. ऊन सरळ डोळ्यांवर येत होतं. कांताबाईंनी एक चादर घेतली, दोरीवर चिमट्यांनी अडकवली आणि सावली पाडली. मग शेजारच्या गादीवर बसून राहिल्या. ऊन सरकलं की त्या उठून चादर सरकवायच्या.

थोड्या वेळानं देवराव जेवणाचं विचारायला वर आले.

"इथं काहून झोपून राहिली ही?" त्यांनी आपल्या नेहमीच्या मोठ्या आवाजात विचारलं.

कांताबाईंनी तोंडावर बोट ठेवलं. तेवढ्यात खालच्या गल्लीत भंगारवाल्याचा भोंगा सुरू झाला. अपेक्षाच्या पापण्या हलल्या.

"अवो, जा, त्याले दुसऱ्या गल्लीनं जाय म्हना," कांताबाई कुजबुजल्या.

आणि देवराव, ज्यांची कंबर सकाळपासून धरलेली होती, ते लगबगीनं खाली गेले. भोंगा बंद पडला. नंतर कळलं की ते फाटकाशीच खुर्ची टाकून बसले होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला हातानंच परत पाठवत होते.

अपेक्षा उठली तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. ती दचकून बसली. म्हणाली, "आई, गाद्या उलटवाच्या राहिल्या."

"राहू दे," कांताबाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "तुले घरात झोप लागत नाही काय वं?"

अपेक्षा मोजे सारखे करत राहिली. "लागते, आई. टिकत नाही."

"काहून नाही बोलली मले?"

"काय बोलू? एकच खोली होती. तिथं तुमच्या गाद्या होत्या. तुमचा जीव आहे त्यांच्यात, मले माहीत आहे."

 कांताबाईंनी माझ्यावरून हात फिरवला, जिथं अपेक्षा झोपली होती तिथून. तो हात मला पिंजारी आला त्या दिवशी वडिलांचा कापूस चाचपणाऱ्या तरुण कांताबाईंचा वाटला. मग त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "दाराबाहेरच्या मानसासाठी जमवल्या. घरातलं मानूस दिसलं नाही मले."

अपेक्षानं त्यांचा हात धरला.  खाली देवराव फाटकाशी कोणाला तरी समजावत होते, आणि त्यांचं समजावणं सगळ्या गल्लीला ऐकू जात होतं. दोघींना हसू फुटलं.

त्या संध्याकाळी आम्ही मागच्या खोलीत परत गेलोच नाही. कांताबाईंनी बैठकीत सगळ्यांना सांगितलं की ती खोली आता अपेक्षाची. धम्मानंद तेवढ्यात ड्यूटीवरून आला होता. तो बायकोकडे पाहत राहिला. आपण कुठंही पडलो की झोपतो, म्हणून हीही झोपत असेल असं आपण धरून चाललो, असं तो पडलेल्या आवाजात म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यानं रजा टाकली आणि खोली धुऊन काढली. कित्येक वर्षांनी खिडकी उघडली. भिंतींना फिकट रंग लागला, खिडकीला जाड पडदा.

राहिला प्रश्न आमचा. कांताबाईंना ती रात्र जड गेली असणार. सकाळी त्या आमच्यापाशी एकट्याच येऊन बसल्या होत्या. पण तोड त्यांनीच काढली. गल्लीच्या टोकाला बुद्धविहार आहे. त्याच्या वरच्या मोठ्या खोलीत दसऱ्याला बाहेरगावची माणसं उतरतात, नुसत्या सतरंजीवर. माझ्या बऱ्याचशा बहिणी तिथं गेल्या. हातगाडीवर रचून निघाल्या तेव्हा कांताबाई विहारापर्यंत सोबत चालत गेल्या, आणि कुठली गादी भिंतीकडे, कुठली म्हाताऱ्या माणसांसाठी, हे सांगून आल्या. आल्या तेव्हा त्यांचा चेहरा हलका होता.

मला वाटलं, माझाही नंबर लागणार. धम्मानंद नव्या खोलीसाठी फोमची गादी आणू म्हणत होता. माझी खोळ विटलेली, पोटात गोळे झालेले, कडेला दुधाचा डाग. मी कोणाच्या काय कामाची?

पण अपेक्षा म्हणाली, "नको. मले हीच पाहिजे. हिच्यावर झोप आली मले."

मग गादीवाला आला. आता धनुकली नाही, टेम्पोवर मशीन असते. त्यानं माझे टाके उसवले. पिंजाऱ्यानं घातलेले ते टाके एकेक तुटताना मी घाबरले होते, खोटं कशाला बोलू. माझ्यातला काळा, कुजका कापूस बाजूला पडला. उरलेला मशीनमधून गेला आणि मी पुन्हा फुगले, ढगासारखी, अंगणात, उन्हात. कांताबाई खुर्चीवर बसून पाहत होत्या. उडालेला कापसाचा एक पुंजका त्यांच्या केसांवर बसला, तो त्यांनी काढला नाही. पुरा पडेना म्हणून थोडा नवा कापूस मिसळला गेला. माझ्यात आता जुनं-नवं दोन्ही आहे, आणि मला ते आवडतं. खोळ गर्द हिरवी. अपेक्षानं निवडलेली.

आज मी मागच्या खोलीत खिडकीच्या खाली पसरलेली असते. एकटीच, छतापर्यंत मोकळी. सकाळी अपेक्षा येते, पडदा ओढते, आणि मोजे काढून झोपते. बाहेर देवराव टीव्ही पाहतात, पण कानात धम्मानंदनं आणून दिलेलं ऐकू येण्याचं यंत्र असतं. पहिल्या दिवशी ते कानात घालून देवराव इतक्या मोठ्यानं बोलले की सगळं घर दचकलं; आता सवय झाली. कांताबाई कुकर तिच्या उठण्याच्या वेळेलाच लावतात. आणि शेजारीण आली की स्वयंपाकघराच्या मागच्या दारातच तिला चहा देतात.

दसरा येईल तेव्हा पाहुणे येतील, आणि मी त्यांच्यासाठी बैठकीत जाईन, आनंदानं जाईन. पण तोवर तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. तुमच्या ओळखीत कोणी रात्री जागून दुसऱ्यांना सांभाळणारं असेल, तर सकाळी त्याच्या दारावरून जाताना जरा हळू बोला. आणि आमच्याकडे यायचं असेल तर अवश्य या, जेवूनच जा. फक्त चारनंतर या. आत्ता ती झोपली आहे, आणि मीही आता गप्प बसते.