रंगाऱ्याने न चाखलेली वाइन

माझ्या बायकोचा पहिला नवरा रंगारी होता. तो तापाने गेला त्याला आता बरीच वर्षं झाली, पण आमच्या जेवणाच्या टेबलावर तो रोज हजर असतो. जिवंत माणसाचा हेवा करायला निदान सोय असते. त्याच्या शर्टाला नावं ठेवता येतात, त्याचं पोट सुटलेलं बघून बरं वाटतं. मेलेल्याचं पोट सुटत नाही. कपाटावरच्या फोटोत तो अजून सडपातळ आहे, आणि मी खुर्चीत बसताना पट्टा एक भोक सैल करतो.

माझं फरशांचं दुकान आहे. बायकोही तिथेच काम करते, लग्नाआधीपासून. घर त्याच्याच वर. लग्नानंतरची पहिली वर्षं मजेत गेली, म्हणजे माझी तरी. दर आठवड्याला चांगल्या हॉटेलात जेवायचं, ज्यांची नावं घ्यायला जीभ दोनदा वळवावी लागते अशा वाइनच्या बाटल्या मागवायच्या, वेटरला दोन प्रश्न विचारून हैराण करायचं. बायको शांतपणे जेवायची. ‘छान आहे’ म्हणायची. पण गिऱ्हाईक जी फरशी घेणार नसतं तिला ज्या सुरात छान म्हणतं ना, त्या सुरात.

मग बाहेरच्या मोठ्या रस्त्यावर फरशांची तीन मजली शोरूम उघडली आणि आमच्या दुकानात माशा मारायची वेळ आली. हात आखडता घ्यावा लागला. हॉटेलं बंद झाली, बाटल्या बंद झाल्या. मी तोंड पाडून बसलो होतो, तर बायकोने बाह्या वर सारल्या.

“त्यात काय एवढं?” ती म्हणाली. “कमी पैशांत चांगलं खायचं कसं, ते मला येतं.”

तिला ते कोणी शिकवलं, हे विचारायची दुर्बुद्धी मला त्याच संध्याकाळी झाली.

भाजीबाजाराच्या मागे चार पायऱ्या उतरून एक दुकान आहे. तिथे आपली रिकामी बाटली न्यायची आणि पिंपातून भरून आणायची. हे दुकान रंगाऱ्याने शोधलेलं. सुका घेवडा रात्री भिजत घालायचा, मंद आचेवर शिजवायचा आणि मीठ अगदी शेवटी टाकायचं, ही रंगाऱ्याची पद्धत. शिळा पाव भाजून त्यावर लसणाची पाकळी घासायची, ही त्याचीच युक्ती. बाटलीच्या तळाशी उरलेली वाइन कांदा परतताना ओतायची, पहिला घोट रिकाम्या तोंडी घ्यायचा आणि दुसरा घासाबरोबर, सगळं त्याचं. आणि कर्म माझं, तो घेवडा इतका चविष्ट झाला होता की माझ्या अंगाची लाही लाही झाली.

हॉटेलात दोन वाक्यांत जेवण उरकणारी बायको आता बोलायला लागली. त्यांची एकच खोली होती. टेबल नव्हतं, म्हणून कोणाच्या तरी घराचं जुनं दार रंगाच्या डब्यांवर आडवं टाकलेलं. ग्लास दोघांत एक. शनिवारी नवीन बाटली भरून आणली की रंगारी ती उजेडात धरायचा आणि तिला नाव द्यायचा. ही ओल्या विटेची. ही उन्हातल्या कुंपणाची. ही नव्या दाराची. हे सांगताना बायकोचा चेहरा असा व्हायचा की मला ताटातलं दिसेनासं व्हायचं. एकदा मीही ग्लास उजेडात धरला आणि म्हणालो, “ही मॅट फिनिशची.” ती हसली. पाहुण्यांच्या विनोदाला हसतात तशी.

मला ती ‘अहो’ म्हणते. त्याला ‘ए’ म्हणायची. हेही मीच खोदून विचारून घेतलं.

कारण एकदा विचारायला लागल्यावर मला थांबता येईना. दुखऱ्या दाताकडे जीभ जाते, तसं. जाड ऑम्लेट आलं की “हे पण त्याचंच का?” कोबीचं सूप आलं की “यात बटाटा घालायचं कोणी सुचवलं?” ती सांगायची, मी ऐकायचो, आणि दोघांचं सूप निवायचं. मला काही फार मोठं नको होतं. एक जेवण, फक्त एक, ज्यात आम्ही दोघंच असू आणि तिचा चेहरा तसा होईल.

म्हणून मी कट शिजवला. मेलेल्या माणसाला मागे टाकायचा मला एकच रस्ता दिसत होता. तो गेल्यानंतर बाजारात आलेली वाइन आणायची.

भाजीबाजारामागच्या दुकानात गेलो. दुकानवाल्या बाई कानामागे पेन्सिल खोचून पिंपाची तोटी पुसत होत्या.

“रंगाऱ्याने कधी घेतली नसेल अशी वाइन द्या,” मी म्हणालो.

“कोण रंगारी?”

“तुमचं जुनं गिऱ्हाईक. दर शनिवारी यायचा. सडपातळ.”

त्यांनी जरा आठवून पाहिलं. “शनिवारी पुष्कळ येतात हो. नाही लक्षात.”

काय सांगू, मला इतकं बरं वाटलं की मी त्यांच्याकडून विनाकारण एक लसणाची माळही विकत घेतली. मग त्यांनी कोपऱ्यातलं एक पिंप दाखवलं. पांढरी वाइन, एका लहानशा गावातून येणारी, आणि त्या गावाने माल पाठवायला सुरुवातच मुळी गेल्या वर्षी केलेली. चाखून पाहिली. आंबटसर, थंड, कच्च्या सफरचंदाच्या वासाची. सरळ, स्वच्छ चव. मी हॉटेलात मिरवत प्यायलेल्या निम्म्या बाटल्यांपेक्षा चांगली, आणि भाव ऐकून तर मी दोनदा विचारलं.

आता जेवण. रंगाऱ्याला माशाचा वास सहन होत नसे, हे मला ठाऊक होतं. तेही असंच विचारून मिळवलेलं. बाजारात शेवटी शेवटी बोटाएवढे मासे स्वस्तात काढून टाकतात, ते घेतले आणि ताईला फोन लावला. मी पन्नाशी ओलांडली तरी थोरल्या बहिणीसाठी अजून बारक्याच आहे.

“बारक्या, तू आणि स्वयंपाक?” ताई म्हणाली. “बायको आजारी आहे की माहेरी गेली?”

“दोन्ही नाही. कसे करायचे ते सांग.”

“खाली कांद्याचा थर दे, वर मासे, मीठ, मिरपूड, तेल, लिंबाच्या चकत्या. ओव्हनमध्ये ठेव आणि गप्प बस. सारखं दार उघडून बघू नकोस, तुला ती खोड आहे.”

मी उघडून बघितलंच. तरी मासे झाले.

एरवी बायको माझ्याआधी तासभर वर जाते आणि मी दुकान बंद करून मागून येतो. त्या दिवशी मी बँकेचं निमित्त सांगून आधी सटकलो आणि कुलूप लावायचं काम तिच्यावर टाकलं. ती दारात आली, तेव्हा टेबलावर ताटं होती, बाटलीला बाहेरून दव आलं होतं आणि घरभर लिंबाचा आणि भाजलेल्या कांद्याचा वास सुटला होता.

“हे काय?” ती म्हणाली.

“बस तर खरी.”

हात धुऊन ती बसली. एक मासा शेपटीला धरून उचलला, काटा बाजूला काढला, पावाच्या तुकड्यावर कांद्यासकट ठेवला आणि खाल्ला. मग वाइनचा घोट घेतला. तिने डोळे मिटले. आणखी एक मासा घेतला. खांदे सैल झाले, कपाळावरची दुकानाची आठी गेली. चेहरा तसाच झाला होता, आणि या वेळी कारण मी होतो.

इथे मी तोंड बंद ठेवायला हवं होतं. कोणीही ठेवलं असतं. पण मला नुसतं जिंकून भागत नव्हतं, निकाल कानाने ऐकायचा होता.

“कशी आहे?” मी विचारलं.

“छान.”

“त्याच्या वाइनपेक्षा?”

तिने डोळे उघडले. “कोणाच्या?”

“त्याच्या. ही वाइन तो गेल्यानंतर सुरू झाली. मुद्दाम विचारून आणली. आणि मासे तर त्याला चालायचेच नाहीत.” मी सगळा पराक्रम सांगून टाकला. दुकानवाल्या बाईंना तो आठवतही नाही, हेसुद्धा.

बायकोने हातातला पाव ताटात ठेवला. मग हसली, पण त्या हसण्यात गंमत नव्हती.

“तोही अगदी असाच होता,” ती म्हणाली.

“असा म्हणजे?”

“मी तुमच्या दुकानात नोकरीला लागले, त्या वर्षी तुम्ही सगळ्या कामगारांना जोडीने घरी जेवायला बोलावलं होतं. तो आला होता माझ्याबरोबर. तुम्ही त्याला एक बाटली दाखवलीत. कुठल्या डोंगरावरची, किती जुनी, सगळं सांगितलंत.”

मला काही आठवत नव्हतं. त्या काळात मी दिसेल त्याला बाटल्या दाखवत होतो.

“त्या दिवसापासून आमच्या घरात रोज तुम्ही,” ती म्हणाली. “तो तुम्हाला संगमरवर म्हणायचा. ग्लास भरला की सुरू. काय गं, आज तुझा संगमरवर काय प्याला? त्याची बरी की माझी? घेवडा गार व्हायचा आणि मी आपली सांगत बसायचे, तुझीच बरी, तुझीच बरी.”

खोटं कशाला बोलू, आधी मला आनंदच झाला. मूठभर मांस चढलं अंगावर. त्या रंगाच्या डब्यांवरच्या दाराशी, त्या एका ग्लासाशी, सगळे शनिवार मी बसलेलो होतो. मी इतकी वर्षं ज्याच्यावर जळत होतो तो बिचारा माझ्यावर जळत होता.

“म्हणजे तो मला नक्की काय…”

“बघा,” ती म्हणाली. “लगेच.”

तरी माझं तोंड पुन्हा उघडलंच. “मग ते ओली वीट, नवं दार वगैरे?”

“ते खरं आहे. तोही होता तसा, कधी कधी. चांगलं होतं तेवढं मी तुम्हाला सांगितलं. गेलेल्या माणसाचं दुसरं काय सांगायचं? मी तर तेही सांगणार नव्हते. तुम्हीच विचारत गेलात.”

तिने ग्लास उचलला, प्यायली नाही, हातात धरून राहिली.

“मला वाइन आवडते हो,” ती म्हणाली. “साधी, स्वस्तातली. आणि गरम जेवण. त्याच्या घरी मला या सगळ्याची खरी चव कधी कळायची, सांगू? तो कामावरून यायच्या आधी. स्वयंपाक होत आला की ओट्याशी उभी राहून अर्धा ग्लास घ्यायचे आणि पातेल्यातलंच चमच्याने खायचे. कोणी काही विचारत नसायचं.”

“आणि आता?” मी विचारलं. न विचारून राहवलंच नाही.

“आताही,” ती म्हणाली. “तुम्ही वर यायच्या आधी.”

रोज संध्याकाळी मी खाली कुलपं लावत असतो, त्या वेळी माझ्या डोक्यावर हे चालतं तर. मी इतके दिवस रंगाऱ्याच्या नावाने बोटं मोडत होतो आणि तो माझ्यासारखाच दाराबाहेर उभा होता. आता हेवा करायचा तर कोणाचा? ओट्याचा? कडेला टवका उडालेला तो ओटा, आणि त्यावरची फरशी माझ्याच दुकानातली. मी स्वतः निवडलेली. तिच्यावरही मी जळालो, अगदी खरं सांगतो.

बायको उठली. ताट घेतलं, ग्लास घेतला, बाटलीही काखेत धरली.

“रागावलीस?”

“नाही हो. मला हे गरम खायचंय.”

ती आत गेली. दार लावलं नाही. ओट्यावर बाटली ठेवल्याचा आवाज आला, मग काही वेळ नुसता पाव मोडल्याचा. समोरची खुर्ची जरा तिरकी राहिली होती. मी माझ्या ताटातला एक मासा खाल्ला. गार झाला होता, तरी चांगला लागला.

“अहो,” ती आतून म्हणाली, “मासे फार छान झालेत. आणि वाइन अगदी बरोबर आणलीत.”

मी काहीच विचारलं नव्हतं. उठून आत जावंसं फार वाटलं, तिच्या शेजारी उभं राहून तिच्याच ताटातलं खावंसं वाटलं. पण आत गेलो असतो तर काहीतरी विचारलं असतं. म्हणून मी तिथेच बसून राहिलो.